शेवंड नव्हे, झिंगाही नव्हे

परभाषेतील साहित्य मराठीत आणताना अनुवादकाची लेखणी विचारांपाशी जितकी अडखळत नाही तितकी झाडांच्या आणि जनावरांच्या नावांपाशी अडखळते. विचाराला शब्द घडवता येतो. जे जनावर आपल्या नदीनाल्यांत कधी नव्हतेच त्याला शब्द कुठून आणायचा? ‘क्रेफिश’ हे असेच एक जनावर. मराठीत त्याचे वर्णन करता येते, त्याला प्रतिशब्द मात्र देता येत नाही. ‘गोड्या पाण्यातला शेवंड’ म्हणावे, तर शेवंड हा कोकणच्या खाऱ्या पाण्याचा रहिवासी. लातूरच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला शेवंड हाच मुळात परका शब्द, म्हणजे एका अनोळखी वस्तूची ओळख दुसरी अनोळखी वस्तू पुढे करून द्यायची. ‘झिंगा’ म्हणावे, तर झिंग्याच्या अंगी ते जाडजूड कवच नाही आणि खेकड्यासारखे दणकट चिमटेही नाहीत. ‘खेकडा’ म्हणावे, तर खेकड्याला लांब शेपूट नसते.

दुकानदारांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. शोभेच्या माशांच्या दुकानात हे जनावर ‘लॉबस्टर’ या नावाने विकले जाते. निळसर असेल तर ‘ब्लू लॉबस्टर’. मुंबईत कुर्ल्याच्या मासेबाजारापासून मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावापर्यंत हेच नाव चालते, आणि ते चूक आहे हे सांगून कोणाचा काही फायदा होत नाही. नाहीतरी ज्या भाषेतून ‘क्रेफिश’ आले तिथेही ते नाव एका चुकीतूनच जन्मले. जुन्या फ्रेंचमधला ‘क्रेव्हिस’ इंग्रजांच्या कानी पडला, त्यातला ‘व्हिस’ त्यांना ‘फिश’सारखा ऐकू आला, आणि ज्याचा माशाशी काही संबंध नाही त्या प्राण्याच्या नावात मासा जाऊन बसला. भाषाशास्त्राच्या वर्गात लोकव्युत्पत्तीचे उदाहरण म्हणून हा शब्द हटकून येतो. माशांच्या टाकीत क्रेफिश ठेवावा की नाही, हा छंदिष्टांचा नेहमीचा वाद. आम्हांस वाटते, वादाची सुरुवात या शब्दापासूनच झाली असावी.

*

हे जनावर आपल्याकडे नाही, ही साधी गोष्ट नव्हे. जगात क्रेफिशच्या सहाशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य उत्तर अमेरिकेत, उरलेल्या युरोप, पूर्व आशिया, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया या भागांत. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर मूळची एकही नाही, पण शेजारच्या मादागास्करमध्ये आहेत. भारतात नाहीत. मादागास्कर आणि भारत एके काळी एकाच भूखंडाचे भाग होते, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी ते वेगळे झाले, आणि पुढे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. मांजरा, तेरणा, मन्याड या नद्या ज्या काळ्या खडकावरून वाहतात तो हाच. लाव्ह्याखाली कोणकोणते जलचर गाडले गेले याची यादी कोणाजवळ नाही. पण मादागास्करचा क्रेफिश आणि आमच्या ओढ्यातला खेकडा यांची दैवे कुठे फाटली असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

टॉमस हेन्री हक्सली यांनाही हा प्रश्न पडला होता. ‘दि क्रेफिश’ हे त्यांचे पुस्तक १८८० सालचे. एका सामान्य प्राण्याला हाती धरून अवघे प्राणिशास्त्र शिकवता येते, ही त्या पुस्तकामागची कल्पना. शेवटी प्राण्यांच्या भौगोलिक वाटणीचा विचार करताना त्यांच्या लक्षात आले, की उष्ण कटिबंधातल्या ज्या नद्यांत क्रेफिश नाही तिथे गोड्या पाण्यातले खेकडे आणि मोठे झिंगे मात्र मुबलक आहेत. म्हणजे जागा रिकामी नाही, ती दुसऱ्या कोणी धरलेली आहे. आपल्या नद्यांकडे या नजरेने पाहिले, तर क्रेफिशची अनुपस्थिती ही उणीव राहत नाही. ती एका जुन्या वहिवाटीची खूण ठरते.

हक्सलींची पद्धत हिंदुस्थानात आली तेव्हा मोठी गंमत झाली. अभ्यासक्रमाने क्रेफिश मागितला आणि नदीने तो दिला नाही. मग प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये त्याच्या जागी कोण आले? झिंगा. लखनौहून कर्मनारायण बहल यांच्या संपादनाखाली ‘इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स’ ही पुस्तिकांची माला निघत असे. इंग्लंडमधली बेडके आणि गांडुळे सोडून इथले गांडूळ, इथला झिंगा यांच्यावर इथल्याच अध्यापकांनी लिहावे, हा तिचा हेतू. या मालेतले सहावे पुस्तक १९३७ साली निघाले : ‘पॅलिमॉन’, म्हणजे भारतीय नदीतला झिंगा. लेखक एस. एस. पटवर्धन, नागपूरच्या सायन्स कॉलेजातले. याच पटवर्धनांनी त्याआधी आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या जठरातील दातेरी जात्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी झिंग्याचे शरीर शिकले ते बहुतांशी पटवर्धनांच्या आकृत्या गिरवून. आकृतीखाली आपले नाव नाही म्हणून त्यांनी तक्रार केल्याचे कोठे नमूद नाही. मराठी विज्ञानलेखनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या पुस्तिकेकडे पाहिलेले दिसत नाही. ती इंग्रजीत आहे हे कारण खरे. परंतु इंग्लंडच्या पाठ्यपुस्तकातला प्राणी बाजूला सारून आपल्या नदीतला प्राणी ट्रेमध्ये ठेवणे, ही देशीवादाची चर्चा सुरू होण्याआधीची देशी कृती होती असे आम्ही म्हणू.

नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० साली निघाले. आम्ही साहित्याची माणसे त्याला नरहर कुरुंदकरांमुळे ओळखतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले १९९४ मध्ये, आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. तोवर ‘लातूर पॅटर्न’ने जीवशास्त्राला डॉक्टरकीच्या शिडीची एक पायरी करून टाकले होते. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ आणि २०१४ साली प्राण्यांचे विच्छेदन आवरते घेतले. म्हणजे आता विद्यार्थी झिंगा फाडत नाही, हे चांगलेच. पण झिंगा हातात धरण्याचा प्रसंगही त्याला येत नाही. या पोकळीतच दुकानातला निळा ‘लॉबस्टर’ आला. संधिपाद प्राण्याशी नव्या पिढीची पहिली जिवंत गाठ पडते ती काचेमागच्या या अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन पाहुण्याशी.

*

मासे पाळणे ही कल्पना तरी या प्रदेशाला नवी आहे काय? इथे आम्हांला बाराव्या शतकात जावे लागते, आणि फार दूर जावे लागत नाही. निलंग्यापलीकडे सीमा ओलांडली की बसवकल्याण. आज ते कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात आहे. तेव्हा ते कल्याणी होते, चालुक्यांची राजधानी. निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर आणि देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे त्याच राजवटीच्या छायेतली. तिसरा सोमेश्वर, ज्याला ‘भूलोकमल्ल’ म्हणत, तो ११२६ ते ११३८ पर्यंत गादीवर होता. त्याचा ‘मानसोल्लास’ मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान नावाने माहीत असतो. कारण शके १०५१, म्हणजे ११२९ च्या सुमाराच्या या संस्कृत ग्रंथात गायनाच्या प्रकरणात आलेली मराठी पदे आपण आद्य मराठीचा नमुना म्हणून शिकतो आणि शिकवतो. ती पदे वाचून झाली की ग्रंथ मिटला जातो. पाकशास्त्रवाले अन्नाचे प्रकरण उघडतात, नृत्यवाले नृत्याचे. ग. के. श्रीगोंदेकरांनी बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजसाठी त्याचे संपादन केले. १९२५, १९३९ आणि १९६१ अशा तीन खंडांत तो छापून निघाला. तरीही त्यातला ‘मत्स्यविनोद’ आपल्या अभ्यासक्रमापासून दूरच राहिला.

मत्स्यविनोद म्हणजे राजाची मासेमारीची करमणूक. त्यात माशांची वर्गवारी आहे : समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान. माशांना काय खाऊ घालावे, त्यांच्यासाठी पिठांचे गोळे कसे करावेत, गळ, दोरी आणि काठी कशी असावी, हे सगळे तपशिलाने सांगितले आहे. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर निबंध लिहून त्यातल्या पस्तीसेक माशांची ओळख पटवण्याचा प्रयत्न केला. पुढे नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनीही २००५ साली या प्रकरणाचा मागोवा घेतला. माशाला आधी खाऊ घालून विश्वासात घ्यायचे आणि मग गळाला लावायचे, हा सोमेश्वराचा क्रम. पाळणे आणि मारणे यांच्यामधली रेघ त्याच्या दरबारात फारशी ठळक नव्हती. आज नदीच्या घाटावर कणकेच्या गोळ्या सोडणारा भाविक आणि मत्स्यविनोदातला राजा एकच गोळी वळतात, हेतू तेवढे निराळे.

आणखी एक गोष्ट. ज्या पदांसाठी आपण हा ग्रंथ उघडतो त्यांत दशावतारांचे स्तवन आहे, आणि त्याचा आरंभ मत्स्यावताराने होतो. वेद पाताळातून वर आणणारा मासा एका प्रकरणात, आणि गळाला लागणारा मासा दुसऱ्यात. दोघांना एकाच पुठ्ठ्यात बांधणाऱ्या राजाला त्यात काही विसंगत वाटले नसावे. आपल्या अभ्यासक्रमाने मात्र एकाला ठेवले आणि दुसऱ्याला गळले.

*

काचेची टाकी ही निराळी वस्तू आहे. तिच्यात मासा वरून दिसत नाही, बाजूने दिसतो, आणि पाहणाऱ्याची नजर पाण्याच्या आत जाते. जान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच स्त्रीने १८३२ च्या सुमारास सिसिलीत समुद्री प्राण्यांच्या निरीक्षणासाठी काचेच्या टाक्या करवून घेतल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८५३ साली ‘फिश हाउस’ उघडले. फिलिप हेन्री गॉस यांचे ‘दि ॲक्वेरियम’ १८५४ चे. त्याने व्हिक्टोरियन दिवाणखान्यांना या वस्तूचे वेड लावले. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १९५१ साली झाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. पुढे शाळांच्या सहलींनी मुंबईत गेलेल्या आमच्या भागातल्या पोरांनी जिवंत समुद्री मासा आधी तिथे पाहिला, समुद्र नंतर. घराघरांत टाकी शिरली ती बरीच उशिरा, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फेंगशुईचे बोट धरून जरा जोरात. ईशान्येला ठेवावी की उत्तरेला, याची चर्चा आत कोण राहणार यापेक्षा जास्त होते.

युरोपीय साहित्याच्या अभ्यासकांना या कुळातली दोन माणसे आठवतील. जेरार द नेर्व्हाल हा कवी पॅरिसच्या उद्यानात शेवंडाला फितीने बांधून फिरवीत असे, अशी दंतकथा त्याचा मित्र गोतिये याने रुजवली. आणि मनोविश्लेषण सुचण्याच्या कितीतरी आधी, १८८२ मध्ये, सिग्मंड फ्रॉइडने क्रेफिशच्या मज्जापेशींवर निबंध प्रसिद्ध केला होता. फ्रॉइडवरील मराठी लेखनात याचा उल्लेख क्वचित आढळतो. तो असायला हवा. पुढे १९९६ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात असे दिसले, की एकत्र ठेवलेल्या दोन क्रेफिशांत एक वरचढ आणि एक दबलेला ठरला, की एकच रसायन दोघांच्या मज्जातंतूंवर वेगवेगळा परिणाम करते. सत्ता अंगात भिनते म्हणतात, ते इथे शब्दशः मोजले गेले. मराठी माणसाची तुलना टोपलीतल्या खेकड्यांशी करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. हाच विनोद फिलिपाइन्समध्येही तिथल्या लोकांविषयी सांगितला जातो. तेव्हा त्याचे पेटंट आपण सोडून द्यावे हे बरे.

*

आता टाकीच्या आत. पंचतंत्रातली बगळा आणि खेकड्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे. म्हातारा बगळा माशांना सांगतो, बारा वर्षांचा दुष्काळ येणार, तळे आटणार, मी तुम्हांला एकेक करून मोठ्या पाण्यात नेतो. आणि खडकावर नेऊन खातो. शेवटी कुलीरक नावाचा खेकडा त्याच्या गळ्याला चिमटा लावून सगळ्यांचा सूड घेतो. त्या तळ्यात खेकडा हा माशांचा पक्षपाती आहे. काचेच्या टाकीत मात्र पंचतंत्र उलटे होते.

क्रेफिश रात्रीचा प्राणी. दिवसा तो कौलाच्या तुकड्याखाली किंवा पाइपाच्या नळीत बसून असतो, मिशा तेवढ्या बाहेर. दिवे गेले की फिरू लागतो. निरोगी, चपळ, वरच्या थरात पोहणारा मासा त्याला सहसा सापडत नाही. तळाशी झोपणारे, संथ आणि लांब पिसाऱ्याचे मासे सापडतात. गोल्डफिश, फायटर, काचेला चिकटून शेवाळ खाणारा सकर यांची शेपटी सकाळी कातरलेली दिसते. टाकीतल्या वनस्पती तो मुळाशी छाटतो. पण त्याच्यावर येणारे सगळेच आळ खरे नसतात. क्रेफिश मृतभक्षीही आहे. पाणी बिघडून मासा रात्री आपोआप मेला आणि सकाळी क्रेफिशच्या चिमट्यात सापडला, की घरातले सगळे त्यालाच खुनी ठरवतात. मुद्देमालासह पकडलेला आरोपी निर्दोष असू शकतो, हे रहस्यकथेच्या वाचकाला सांगायला नको.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. क्रेफिश वाढतो तो कात टाकून. जुने कवच पाठीवर फाटते आणि आतला प्राणी मऊ, निराधार बाहेर येतो. नवे कवच टणक व्हायला काही दिवस लागतात. या दिवसांत गोल्डफिशसुद्धा त्याला टोचून खातो, मोठ्या सिक्लिड माशांची तर बातच सोडा. म्हणून जाणकार सांगतात, की प्रत्येक क्रेफिशला लपायला एकाहून अधिक जागा हवी आणि टाकलेली कात लगेच उचलू नये. ती कात तो स्वतःच खातो, कारण नव्या कवचाला लागणारा चुना तिच्यात असतो. कात टाकणे हा आपण सापावरून घेतलेला वाक्प्रचार. नवे रूप धारण करणे एवढाच अर्थ आपण त्यात ठेवला. क्रेफिश पाहिल्यावर त्या वाक्प्रचारात भीतीचीही एक छटा भरता येईल.

मराठवाड्याच्या बोअरचे पाणी क्षारांनी जड असते. भांड्यांवर पांढरा थर धरणारे हे पाणी नाजूक माशांना मानवत नाही, पण क्रेफिशच्या कवचाला चांगले. उन्हाळा मात्र त्याला सोसत नाही. पारा चाळिशीच्या वर गेला की टाकीतल्या पाण्यातला प्राणवायू उतरतो आणि क्रेफिश हवेच्या नळीवरून वर चढू लागतो. झाकण नसलेल्या टाकीतून तो बाहेर पडतो आणि सोफ्याखाली वाळून गेलेला सापडतो. आणखी एक अपघात वारंवार घडतो. माशांना बुरशी किंवा कृमी झाले म्हणून टाकीत औषध घातले जाते; त्यात तांब्याचा अंश असेल तर मासे बरे होतात आणि क्रेफिश मरतो. ज्यांना एकत्र ठेवले त्यांचे औषधही एक नाही.

आमचे मत विचारले तर, क्रेफिशला एकटे ठेवावे. लहानशा टाकीत मासे आणि क्रेफिश यांची शेजारधर्माची गोष्ट जुळवून आणण्याचा अट्टहास पाहणाऱ्याच्या करमणुकीपुरता असतो. या बाबतीत आपण सोमेश्वरापेक्षा फार पुढे आलेलो नाही.

*

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी सुमारे छप्पन्न लिटर पाणी घेते. आठवड्याला त्यातले चौथाई बदलायचे म्हणजे चौदा लिटर, एक घागर. लातुरात २०१६ च्या उन्हाळ्यात या घागरीला जी किंमत होती ती तिथल्या माणसांना सांगावी लागत नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते, पाण्याच्या टाक्यांभोवती मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे शहरात आली. त्या दिवसांत घरोघरच्या शोभेच्या टाक्यांचे काय झाले, याची नोंद कोणी ठेवली नाही. दुष्काळाचे साहित्य माणसांचे आणि फार तर बैलांचे असते. पण ज्याला टाकी चालवणे परवडत नाही त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो आतल्या जिवांचा. मारवत नाही, ठेववत नाही. मग उरते ती नदी. प्लास्टिकच्या पिशवीतून मासा नेऊन वाहत्या पाण्यात सोडला की जीवदान दिल्याचे समाधान मिळते. बगळ्याचीही भाषा हीच होती : इथले पाणी आटणार, तुला मोठ्या पाण्यात नेतो. फरक एवढाच, की इथे नेणारा प्रामाणिक असतो आणि हानी सोडलेल्या जिवाची होत नाही, तळ्यातल्या इतरांची होते.

ती कशी होते याची उदाहरणे जगभर पडली आहेत. लुइझियानाचा लाल क्रेफिश १९२७ साली जपानात नेला तो पाळलेल्या बेडकांचे खाद्य म्हणून. नेलेल्यांतले वीसेक जिवंत पोचले, आणि त्यांच्या संततीने देशभरचे ओढे भरले. शेवटी २०२३ च्या जूनपासून जपानने त्याची विक्री आणि सोडणूक बेकायदा ठरवली. युरोपात तर हा प्राणी येण्याआधी त्याचा रोग आला. १८६० च्या आसपास लोम्बार्दीतले क्रेफिश घाऊक मरू लागले. अमेरिकन क्रेफिश ज्या बुरशीसदृश रोगाला अंगावर वागवून जगतो त्यानेच युरोपचा क्रेफिश दगावतो, हे पुढे कळले. आणि जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत १९९० च्या दशकात एक संगमरवरी नक्षीचा क्रेफिश आढळला, ज्यात नर नाहीच. मादी एकटीच अंडी घालते आणि त्यांतून तिच्याच प्रती बाहेर येतात. शास्त्रज्ञांनी २०१७ साली त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. तोवर तो मादागास्करच्या भातखाचरांत पोचून तिथे बेसुमार वाढला होता. अशा जातीचा एकच जीव नदीत सुटणे पुरेसे असते.

लातूरचे सांडपाणी ज्या खोऱ्यात उतरते ती मांजरा पुढे नांदेडच्या सीमेवर, तेलंगणातल्या कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. तिथून थोडे खाली पोचमपाडचे श्रीरामसागर धरण. त्याच्या फुगवट्यात, धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा, ज्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. आणि नदीच्या शेवटाला धवलेश्वरम, १८५२ साली पुरे झालेले. गोदावरीचा मोठा झिंगा, आज ज्याला मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी म्हणतात, पावसाळ्यात नदी चढतो आणि त्याच्या पिल्लांना बाळपणी खाडीचे मचूळ पाणी लागते. धरणांच्या या उतरंडीतून त्याला ये-जा करायची आहे. पटवर्धनांच्या ट्रेमधल्या प्राण्याचा गोतावळा वर्षानुवर्षे विरळ होत आलेला आहे. क्रेफिशला समुद्र लागत नाही. अंडी पोटाखाली धरून मादी फिरते, पिल्ले तिथेच वाढतात. धरणाचे साचलेले पाणी झिंग्याला कोंडते आणि क्रेफिशला घर देते. हक्सलींनी पाहिलेली जुनी वहिवाट मोडायला याहून सोयीची जागा नाही.

अशा पाहुण्यांना नावे कशी पडतात, हे मात्र आमच्या प्रांतातले, म्हणजे भाषेच्या प्रांतातले, आहे. आफ्रिकेतला तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. उजनीच्या जलाशयात तो इतका माजला की भिगवण-इंदापूरच्या बाजारात त्याचा ‘चिलापी’ झाला, आणि आता खाणाऱ्याला तो परका वाटत नाही. आफ्रिकेचाच मोठा मांजरमासा, ज्याच्या संवर्धनावर २००० साली बंदी आली आणि ज्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश हरित लवादाने २०१९ मध्ये दिले, त्याने तर इथल्या मांगूर माशाचे नावच बळकावले. लोक त्याला मांगूरच म्हणतात, फार तर मागे ‘थाई’ जोडतात. नदीत पोचलेल्या, बाजारात वजनावर विकल्या जाणाऱ्या माशाला कोळी आपल्या जिभेवर घोळवून नाव देतात. क्रेफिश नांदेडच्या दुकानात अजून काचेमागे आहे, नगावर विकला जातो, आणि त्याच्या टाकीवर अजून इंग्रजीतच ‘लॉबस्टर’ लिहिलेले असते.